लिफ्ट मी थांबवली नाही

नाही हो, नाही! लिफ्ट मी थांबवली नाही! आता आणखी किती वेळा सांगू? लेखी दिलं, त्याखाली सही केली, सहीखाली तारीख घातली, आईची शपथ घ्यायला गेलो तर आई म्हणाली, "माझी कशाला घेतोस, तुझ्या आत्याची घे, तिच्यापायीच झालं सगळं!" म्हणजे बघा, घरातसुद्धा विश्वास नाही. बायको तर जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलीय, "आमच्या यांनीच थांबवली बरं का, बोलून दाखवत नाहीत, पण आतून फार आहे हो यांच्या!" अहो, माझ्या आतून काय असणार? मी लिफ्टचा मेकॅनिक! एकवीस वर्षं झाली, माझ्या आतबाहेर फक्त ग्रीस! राजकारणातलं मला ओ की ठो कळत नाही. मला दोनच गोष्टी कळतात. एक वर, एक खाली. मधे थांबणं म्हणजे आमच्या धंद्यात नाचक्की!

आणि तिथेच तर माझी गोची झालीय, तुम्हाला सांगतो. 'मी थांबवली नाही' म्हणावं, तर लोक भुवया उडवतात, "मग काय आपोआप थांबली? म्हणजे सर्व्हिसिंग कच्चं?" म्हणजे मी एक तर कटातला माणूस, नाहीतर बावळट मेकॅनिक! तुम्हीच सांगा, यातलं काय निवडायचं? एकवीस वर्षांत माझ्या हाताखालची एक लिफ्ट माणसं घेऊन अडकलेली नाही. एक! आणि अडकली ती कोणाला घेऊन? थेट साहेबांना! आपल्या भागातून निवडून गेलेल्या, सभागृहात बसणाऱ्या, ज्यांच्या नावाचा फलक वाचता वाचता माणूस नाल्यात पडेल, त्या साहेबांना! आणि सोबत कोण? माझी आत्या! आता यावर कोण विश्वास ठेवणार? मी तरी ठेवला असता का?

आत्यापासूनच सुरू करतो. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एकाहत्तर, गुडघे साठीचे, जीभ पंचविशीची. नर्स होती, बाळंतपणाच्या वॉर्डातली. तरुणपणी नोकरीसाठी समुद्रापलीकडच्या देशात गेली, तिथल्या एका बंदराच्या गावात प्रसूतिगृहात लागली आणि अकरा वर्षं राहिली. किती बाळंतपणं केली, असं मी तिला एकदा चुकून विचारलं... सकाळी विचारलं होतं हो, दुपारचं जेवण झालं तरी तिचं दुसरं वर्ष चालू! आणि प्रत्येकाचं वजन सांगायची! अमकं पायाळू, तमकीला जुळं, आणि एक तर म्हणे जन्मल्या जन्मल्या आत्याच्या घड्याळाचा पट्टा धरून बसलं, सोडेचना.

तर त्या देशात आता लढाई चाललीय. तिसरं वर्ष. आणि त्या लढाईत एका बाजूला तोफगोळे कोण पुरवतं? आपण! मला खरंच माहीत नव्हतं. दरवर्षी सभागृहात ठराव येतो, मदतीचा म्हणे, त्याला नावच 'मदत', मग हात वर होतात आणि गोळे जहाजात चढतात. आत्याला हे कळलं तिच्या तिथल्या जुन्या मैत्रिणीकडून. ती मैत्रीण अजून त्याच प्रसूतिगृहात आहे. तिने कसलासा फोटो पाठवला. आत्याने आम्हाला कुणाला दाखवला नाही. कागदावर छापून आणला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बसेल तर शपथ!

चार जुन्या नर्सा गोळा केल्या. प्रत्येकीकडे एकेक घडीचं स्टूल. औषधाच्या दुकानापुढे बसायच्या, बसस्टॉपवर बसायच्या, दिसेल त्याला कागद द्यायच्या. "साहेबांना पत्र लिहा. लवकरच ठराव येतोय, त्याला 'नाही' म्हणा म्हणावं." लोक म्हणायचे, सही करतो की. "सही नको! सही काय, कुणीही करतं. चार ओळी स्वतःच्या लिहा!" अहो, इंजेक्शन दिलेल्या बायका त्या, त्यांच्यापुढे कुणाची टाप आहे नाही म्हणायची? मलाही बसवलं. मी लिहिलं, 'माननीय साहेब, आत्या म्हणते तसं करावे.' आत्याने वाचलं, माझ्याकडे असं बघितलं... वजन कमी भरलेल्या बाळाकडे बघतात तसं. पण ठेवलं हो, टाकलं नाही.

तीन हजार चारशे पत्रं! दोन पोती भरली. पण ती साहेबांच्या हातात द्यायची कशी? साहेबांचं ऑफिस एका जुन्या पाच मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर. आणि दाराशी बसतो त्यांचा पी.ए. दोन फोन, एक या कानाला, एक त्या कानाला, आणि मधल्या नाकातून बोलतो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. उद्या या." आत्या दुसऱ्या दिवशी हजर. "उद्या या." तिसऱ्या दिवशी. "उद्या या." आत्याने त्याचं नावच 'उद्याया' ठेवलं. सतरा वेळा गेली हो बाई! थर्मास घ्यायची, विणकाम घ्यायची, बाहेरच्या लोखंडी बाकावर बसायची. एक अख्खा स्वेटर झाला. उद्यायाने एकदा विचारलं, "कोणासाठी विणताय?" तर म्हणाली, "तुमच्या साहेबांच्या नातवासाठी. नातू होईपर्यंत आत सोडाल ना?"

आणि त्या इमारतीची लिफ्ट कोणाकडे? माझ्याकडे! आता यात माझा काय दोष? एका रविवारी सगळं घर टेबलाभोवती जेवायला बसलेलं, आणि आत्या भातावर वरण घेत घेत म्हणाली, "अरे, ती लिफ्ट तूच बघतोस ना? मग त्या माणसाला अर्धा तास माझ्याबरोबर आत कोंड की! सतरा हेलपाट्यांत झालं नाही ते अर्ध्या तासात करून दाखवते." सगळे हसले. मीही हसलो. हसलो एवढंच! 'हो' म्हणालो का? मान तरी हलवली का? घास तोंडात होता हो माझ्या! पण आता मेव्हणा सगळीकडे सांगतोय, "तेव्हाच ठरलं होतं, मी होतो ना टेबलावर." लिफ्ट मी थांबवली नाही! पण मेव्हण्याच्या तोंडाला ब्रेक कोण लावणार?

तर तो मंगळवार. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सभागृहात मतदान. आणि नेमका त्याच मंगळवारी त्या इमारतीत माझा सर्व्हिसिंगचा दिवस. योगायोग! महिन्याचा दुसरा मंगळवार, सहा वर्षांपासून ठरलेला, कॅलेंडर बघा! सकाळी साडेनऊला गेलो, दोर तपासले, तेलपाणी केलं, लिफ्ट चारदा वर-खाली करून बघितली. अशी चालत होती... मांजर चालतं तशी. मग गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून रजिस्टर उघडलं आणि लिहायला लागलो, 'लिफ्ट उत्तम चालू'. 'चा' लिहिला, 'लू' लिहायचा बाकी, आणि... खट्‌! लिफ्ट बंद! अहो, माझ्या तोंडचं पाणी पळालं! पेन तसंच हातात.

खाली काय झालं होतं ते मला नंतर वॉचमनकाकांनी सांगितलं. आत्या पोती घेऊन आली, खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं, "पत्रं इथे घेत नाही, पाचव्या मजल्यावर." पाचव्या मजल्यावरून आदल्या दिवशी सांगितलं होतं, "पत्रं इथे घेत नाही, खाली खिडकीवर." म्हणून आत्याने दोन्ही पोती लिफ्टमध्ये घेतली, आणि दार लागणार इतक्यात साहेब आले, घाईत. मागे उद्याया. एरवी साहेबांसाठी लिफ्ट रिकामी करतात, पण चार लोक बघत होते ना समोर! मग साहेब लगेच हसले, "असू द्या, असू द्या, मावशी, आपण सगळे एकत्र जाऊ." लोक बघत असले की यांना सगळ्या बायका मावशी! आणि शिरले आत. उद्यायाला जागा होईना, तर त्याने काय करावं? पायाने पोतं सरकवलं. दाराकडे. हे लक्षात ठेवा, मी पुढे चौकशीत हेच सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. जुनी लिफ्ट आहे, आतल्या दाराला स्विच असतो, दार जरासं जरी ढकललं गेलं की लिफ्ट जिथे असेल तिथे थांबते, आणि मग वरून हाताने आणल्याशिवाय हलत नाही. सुरक्षेसाठीच असतं ते. पोतं कललं, दारावर रेललं, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट उभी! मी थांबवली का? सांगा, मी थांबवली का?

मशीनच्या खोलीत एक फोन असतो, लिफ्टच्या आतलं सगळं ऐकू येतं. मी उचलला, आणि नियमाप्रमाणे शांत आवाजात म्हणालो, "घाबरू नका. लिफ्ट सुरक्षित आहे. दारापासून लांब उभे राहा." तर तिकडून काय यावं?

"अगं बाई, तू? शाब्बास रे माझ्या राजा!"

संपलं! माझी एकवीस वर्षांची नोकरी त्या एका 'शाब्बास'ने खलास! मला उद्यायाचा आवाज ऐकू येतोय, "याला ओळखता तुम्ही?" "ओळखते म्हणजे? भाचा आहे माझा!" "साहेब, भाचा आहे! साहेब, हा कट आहे!" मी ओरडतोय, "आत्या, मी नाही थांबवली!" आणि आत्या, "बरं बरं, नाही थांबवलीस," असं म्हणतेय, तेही कसं? चोरून लाडू खाल्लेल्या पोराला म्हणतात ना, तशा आवाजात!

आता नियम काय, तर मेन स्विच बंद करायचा, एकाने दांडा दाबून ब्रेक सैल धरायचा, एकाने हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्यापर्यंत आणायची. पाच मिनिटांचं काम. पण माणसं दोन लागतात! मी खाली वॉचमनकाकांना हाक मारली. काका निघाले. पाच मजले, वर गच्ची. काकांचे गुडघे आत्याच्याहून वाईट, आणि लिफ्ट... लिफ्ट तर बंद! वीस मिनिटं लागली त्यांना. प्रत्येक मजल्यावरून ओरडून विचारायचे, "मीच यायला हवं का?" हे मी चौकशीत सांगितलं तर साहेबांच्या ऑफिसचे लोक हसले. यात हसण्यासारखं काय आहे?

तोवर आत काय चाललेलं! उद्यायाला बंद जागेची भीती. पहिल्या तीन मिनिटांत दोन्ही फोन छताला लावून झाले, एकाला रेंज नाही, दुसऱ्यालाही नाही. मग घाम. मग म्हणे श्वास येत नाही. मग दार ढकलायला लागला. आणि आत्या... अहो, तिच्या अंगात एकदम जुना वॉर्ड संचारला! "ढकलायचं नाही! अजून वेळ आहे! आधी श्वास घ्या. नाकाने आत. हं. तोंडाने बाहेर... हळूहळू. शाब्बास. माझा हात धरा. दाबा हवा तेवढा. बायका याहून जोरात दाबतात." तुम्हाला सांगतो, पाच मिनिटांत उद्याया गार! नुसता आत-बाहेर, आत-बाहेर श्वास ऐकू येत होता. साहेबांनी हळूच विचारलं, "याला काही होणार नाही ना?" आत्या म्हणाली, "छे, सुखरूप सुटतील."

मग साहेब भाषणाच्या आवाजात सुरू झाले. तो आवाज तुम्हाला माहीतच आहे, घशात एक माइक बसवलेला. "हे पहा मावशी, आपल्या भावना मी समजू शकतो. परंतु विषय गुंतागुंतीचा आहे. ते आपलं मित्रराष्ट्र आहे. आणि आपण जे पाठवतो, ते शेवटी शांततेसाठीच..."

"शांततेसाठी तोफगोळे?" आत्या म्हणाली. "मग साहेब, झोप यावी म्हणून काय वाजवता, ढोल?"

वॉचमनकाका तेवढ्यात धापा टाकत पोचले होते, ते हसता हसता दाराला धरून बसलेच खाली. मी म्हटलं, "काका, ब्रेक!" काकांनी ब्रेकचा दांडा धरला. मी चाक धरलं. दोन्ही हात चाकावर. आता फिरवायचं फक्त.

आणि आत पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

आत्या म्हणाली, "साहेब, मला राजकारण कळत नाही." बघा, आमच्या घराण्यातच नाही ते! "मी तुमच्याशी वाद घालायला आले नाही. मला एवढंच हवंय, की तुम्ही हे वाचून दाखवा. माझा चष्मा पोत्याखाली गेलाय."

खोटं! चष्मा डोळ्यावर होता तिच्या. नंतर बाहेर आली तेव्हा मी बघितला ना!

कागद उलगडला. तो फोटो. मी नंतर बघितला. एक लोखंडाचा तुकडा, पातेल्यावरच्या झाकणाएवढा, कडा फाटलेल्या. आत्या सांगायला लागली, "हा आमच्या प्रसूतिगृहाच्या पाण्याच्या टाकीजवळ पडला. माझ्या मैत्रिणीने उचलला. त्यावर काहीतरी लिहिलंय, पण तिला वाचता येईना. तिथली लिपी नाही. म्हणून तिने मला पाठवून विचारलं, ही तुमची अक्षरं दिसतात, काय लिहिलंय? मला वाटलं, बॉम्बवर काहीतरी भयंकर लिहिलेलं असेल. वाचा ना साहेब."

साहेबांनी वाचलं. आणि तुम्हाला सांगतो, त्यांच्या घशातला माइक कुठे गेला कुणास ठाऊक. साधा माणूस वाचतो तसं वाचलं. "ओलाव्यापासून... जपावे. काळजीपूर्वक... हाताळावे."

बस. तेवढंच.

आत्या म्हणाली, "मी तिला दोन दिवस उत्तर दिलं नाही. काय लिहू? की हो, आपलीच अक्षरं आहेत, आणि आम्ही त्या गोळ्याला ओल लागू नये म्हणून फार जपतो?" मग म्हणाली, "त्या वॉर्डात मी पहिलं बाळंतपण केलं ना, ते सात महिन्यांचं होतं. बुटाच्या खोक्यात कापूस घालून, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावून आम्ही जगवलं. आळीपाळीने एकेकजण नुसती बघत बसायची, श्वास चालू आहे ना. जपणं म्हणजे ते, साहेब."

आता तुम्ही मला विचाराल, मेकॅनिकसाहेब, तुमचे हात चाकावर होते ना? मग फिरवलं का नाही?

होते. चाकावर होते. काकांचे ब्रेकवर होते. पण तुम्हीच सांगा हो, कुणी असं बोलत असताना मधेच चाक कसं फिरवायचं? ते चाक करकरतं! मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. आणि काकांनी गुपचूप दांडा सोडून दिला. म्हणाले, "हात भरून आला." मी म्हटलं, "माझाही." आणि आम्ही दोघं त्या फोनला कान लावून उकिडवे बसलो. थांबवली मी नाही, हे देवाशपथ खरं आहे. सुरू करायला... जरा उशीर केला. वेगळी गोष्ट आहे ती! आमच्या धंद्यात ती वेगळ्या रकान्यात येते!

मग साहेबांनी विचारलं, "मग आता... बाळंतिणी कुठे जातात?"

"तळघरात," आत्या म्हणाली. "कपडे धुण्याच्या खोलीत. तिथे पाणी आहे म्हणून."

मग कसलीतरी सरसर ऐकू आली. साहेब पोत्यावर बसले होते! आणि पोत्यात हात घालून पत्रं काढायला लागले होते. एकेक वाचायचे, काही मनात, काही मोठ्याने. एका बस कंडक्टर बाईचं होतं, "साहेब, मी रोज शेकडो लोकांना म्हणते पुढे सरका. आज तुम्हाला म्हणते." एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं होतं, अक्षर इतकं बारीक की साहेबांना दिव्याखाली उभं राहावं लागलं. आणि मग म्हणाले, "हे काय? 'आत्या म्हणते तसं करावे'?"

मी फोन हाताने झाकला. काका म्हणाले, "तुझं?" मी म्हटलं, "कामाला लागा, ब्रेक धरा!"

लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. पन्नास मिनिटं झाली होती. धावत खाली जाऊन दार उघडलं. पहिला कोण बाहेर पडला असेल? उद्याया! पण ऑफिसकडे नाही, सरळ उजवीकडे, स्वच्छतागृहाकडे, तेही पळत. आणि साहेब? मी म्हटलं, "या साहेब, बाहेर या." तर मान वर न करता म्हणतात, "एक मिनिट, एवढं पत्र होऊ दे." आत्या नाकावरचा चष्मा सारखा करत उभी. माझ्याकडे बघून काय करावं तिने? डोळा मारला! एकाहत्तर वर्षांच्या बाईने, साहेबांच्या डोक्यावरून, अख्ख्या चौथ्या मजल्यासमोर! आता सांगा, मी कुठे तोंड लपवू?

चौकशी लागली. इमारतीच्या मॅनेजरने मला टेबलापुढे उभं केलं, एक फॉर्म ठेवला. बिघाडाचं कारण. तीन चौकोन, यांत्रिक, विद्युत, मानवी. एकावर खूण करा. मी म्हटलं, "पोतं." "पोतं असा चौकोन नाही." मी म्हटलं, यांनी पाय मारला म्हणून पोतं कललं. उद्याया उसळला, "पोतं त्या बाईंचं होतं!" आत्या शांतपणे, "पोतं माझं, पाय तुमचा." मॅनेजर कपाळाला हात लावून बसला. यांत्रिकवर खूण करावी तर माझी इज्जत जाते. विद्युतवर करावी तर खोटं. मग मानवीवर केली. मॅनेजर म्हणाला, "कोणाचं नाव लिहू?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. का? तर रजिस्टरमधलं अक्षर माझं! आणि वर 'लिफ्ट उत्तम चा'!

बुधवारी आत्याच्या घरी आम्ही सगळे टीव्हीपुढे. चारही नर्सा, वॉचमनकाका, मेव्हणा, सगळे. साहेब उभे राहिले. खिशातून कागद काढला. भाषण केलं नाही, एवढंच म्हणाले, "मला काल एक ओळ वाचायला लावली. ती मी आपल्यालाही वाचून दाखवतो." आणि वाचली. सभागृहात आधी हसू, मग कुजबुज. त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांचा सदरा ओढत होते, खाली बसा, खाली बसा. साहेबांनी 'नाही'ला हात वर केला. त्यांचं बघून मागच्या रांगेतल्या आणखी काहींनीही केला!

तरी ठराव पास झाला. चार मतांनी.

चारच मतांनी! गेल्या वर्षी साठाने झाला होता. पण झाला. टीव्ही बंद केला. आत्याने त्या मैत्रिणीला लिहिलं, यंदा नाही जमलं गं. मी बाजूलाच बसलो होतो. थोड्या वेळाने उत्तर आलं. आत्याने वाचलं, फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "तळघरात आज दोन झाल्या. दोन्ही मुली. एक तीन किलोची." आणि मग तुम्हाला सांगतो, रडली थोडी. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं. मला काय करावं सुचेना, म्हणून पंखा जरा वाढवला.

आणि मग परवा माझ्या कंपनीचं पत्र आलं. बदली! 'सदर मेकॅनिकबद्दल तक्रार आल्याने त्यांना तत्काळ हलवण्यात येत आहे.' ठीक आहे म्हटलं, हलवा. कुठे? तर जिथे कुणी टिकत नाही तिथे, जिथे लिफ्ट जुन्या आणि आत शिरणारा प्रत्येक जण साहेब, जिथे शिक्षा म्हणूनच पाठवतात... सभागृहाच्या इमारतीत! कंपनीतल्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही हो! मी जाऊन सांगणार होतो, अहो, मला तिथे पाठवू नका, पण काय कारण सांगू? लिफ्ट मी थांबवली नाही, असं तर मीच लिहून दिलंय!

घरी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तरी आज सकाळी आत्याचा फोन. ना कसा आहेस, ना जेवलास का. म्हणाली, "चार मतं म्हणजे तीन माणसं इकडची तिकडे झाली की झालं, नाही का रे?" मी म्हटलं, "आत्या, मला राजकारण कळत नाही." "ते राहू दे. तिथे लिफ्ट किती आहेत, तेवढं सांग."

नाही सांगणार म्हटलं! जोरात म्हटलं! नोकरी आहे, संसार आहे, एकवीस वर्षांचं नाव आहे, अजिबात सांगणार नाही!

...चौदा आहेत. काय करता? आत्या आहे.